अंगठ्याचा टेकू

बेस गिटार वाजवताना उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने तार छेडतात. अंगठा रिकामा असतो. पण त्याला कुठेतरी टेकावेच लागते. तो अधांतरी राहिला की मनगट अधांतरी राहते, आणि तार नेमकी कुठे आहे हे बोटांना दर वेळी नव्याने शोधावे लागते. बहुतेक वादक अंगठा पिकअपच्या, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकी पट्टीच्या, कडेवर ठेवतात. पिकअपची जागा मात्र कारखान्यात आवाजाच्या हिशोबाने ठरलेली असते, अंगठ्याची सोय तिथे कुणी पाहिलेली नसते. हाताला जिथे बरे वाटते तिथे पिकअप नसेल, तर वाद्याच्या अंगावर एक छोटा ठोकळा बसवतात. लांबी बोटभर, रुंदी जेमतेम अर्धा इंच, धरायला दोन स्क्रू. याला थंब रेस्ट म्हणतात. टेकू म्हटले तरी भागते.

हा टेकू विजेच्या बेस गिटारइतकाच जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा त्यावर असा ठोकळा होता. फक्त उलट्या बाजूला, सर्वांत बारीक तारेच्या खाली. वादक अंगठ्याने तार छेडेल आणि बाकीची बोटे ठोकळ्याला धरून राहतील, असा त्यामागचा हिशोब. लायोनेल हॅम्पटन यांच्या बँडमधून हे नवे वाद्य गावोगाव नेणारे मंक माँटगोमेरी अंगठ्यानेच वाजवत. पण उभ्या डबल बेसवरून या वाद्याकडे वळलेल्या मंडळींनी बोटांची सवय सोडली नाही. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सन यांनी एकट्या तर्जनीवर गाण्यांमागून गाणी वाजवली. ठोकळा खालीच राहिला आणि त्याला कुणी हात लावेना. तो वर, जाड तारेच्या अंगाला यायला सत्तरीचे दशक अर्धे उलटावे लागले. आणि योग्य जागी आल्यावर थोड्याच वर्षांत तो बहुतेक मॉडेलांवरून नाहीसाही झाला. कारखान्यांची तऱ्हा अशी असते. आज जुन्या घडणीच्या नकला सोडल्या तर बेस गिटार टेकूविना मिळते, आणि ज्याला हवा त्याने तो स्वतः बसवायचा.

अंगठा रोवून वाजवणे आपल्याकडे नवे नाही. सतारीवर उजवा अंगठा दांडीच्या कडेला, भोपळा आणि दांडी जुळतात त्या जागेजवळ टेकलेला असतो, आणि मिजराब चढवलेली तर्जनी त्याच्या आधाराने फिरते. अंगठा सुटला की बोल फिसकटतो, म्हणून शिकवणारे आधी अंगठा बसवतात आणि मग तारेकडे वळतात. सतारीला वेगळा ठोकळा लागत नाही, कारण ती जागा वाद्याच्या घडणीतच आहे. मिरजेच्या ज्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांच्या अंगाला हाताची ओळख पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे. बेस गिटार म्हणजे शेवटी पावणेदोन इंच जाडीची सपाट फळी. हाताशी तिची ओळख मागाहून करून द्यावी लागते.

नागपुरात हे वाद्य दिसते ते ऑर्केस्ट्राच्या मंचावर. लग्नाआधीची संगीत संध्या, गणेशोत्सव, भीमगीतांचा कार्यक्रम, आणि बहुतेक ठिकाणी हिंदी चित्रपटगीते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यमेळात टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी मंचावर उभी करायची तर बेस चुकून चालत नाही. अलीकडे कीबोर्डवाल्याचा डावा हात हे काम परस्पर उरकतो. आयोजकाचे एक मानधन वाचते, गाण्याचा पाया तेवढा पातळ होतो. जे वादक टिकून आहेत ते चार-चार तास उभे राहून वाजवतात, आणि अंगठ्याला जागा नसल्याचे दुखणे तिसऱ्या तासाला मनगटात उतरते.

टेकू बसवण्याआधी तो आवाजाचे काय करतो ते समजून घ्यावे लागते, कारण अंगठा जिथे टेकतो तिथेच बोटे पडतात, आणि बोटे जिथे पडतात त्यावर आवाजाचा पोत ठरतो. फेंडर धर्तीच्या बेसवर तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर असते. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तिथे ज्या उपस्वरांची गाठ येते ते उपस्वर त्या आवाजात उमटत नाहीत. ब्रिजपासून (तारांच्या खालच्या टोकापासून) १४४ मिलिमीटरवर, म्हणजे लांबीच्या सहाव्या भागावर बोट पडले, तर सहावा उपस्वर गळतो. बोट दांडीकडे सरकले की खालचे उपस्वर गळू लागतात, वरचे मंदावतात आणि आवाज गोल, मऊ होतो. ब्रिजकडे सरकले की वरचे उपस्वर ठळक होतात, आवाजाला धार येते आणि तार बोटाला कडक लागते. बाराव्या पडद्यावर तार दाबली की तिची लांबी निम्मी होते, आणि तोच १४४ मिलिमीटरचा बिंदू सहाव्या भागाऐवजी तिसऱ्या भागावर येऊन बसतो. म्हणजे अंगठा न हलवताही आवाज बदलतच असतो. टेकू फक्त एक टोक पक्के करतो. त्यामुळे टेकूची जागा ही सोयीइतकीच कानाची बाब आहे, आणि ती बाजारात जाण्याआधी ठरलेली बरी.

ती ठरवण्याची रीत साधी आहे. वाद्य पट्ट्याने गळ्यात अडकवून, मंचावर ज्या उंचीवर असते त्याच उंचीवर ठेवून, नेहमीची गाणी वाजवायची आणि अंगठा आपसूक कुठे जातो ते पाहायचे. बसून पाहिलेली जागा उभे राहिल्यावर उपयोगाची राहत नाही. वाद्य मांडीवरून गळ्यात गेले की कोपराचा कोन बदलतो आणि अंगठा इंचभर तरी सरकतो. मास्किंग टेपचा तुकडा लावून पेन्सिलीने खूण करावी, त्यावर पुठ्ठ्याच्या घड्या किंवा लाकडाची ढलपी तात्पुरती चिकटवावी, आणि दोन-चार कार्यक्रम तसेच निघू द्यावेत. जागा साधारणपणे दांडीचा शेवट आणि पिकअप यांच्या मधोमध येते. जाड तारेपासूनचे अंतर ठरवायला वाद्यच मदत करते. ब्रिजवर दोन तारांमध्ये सुमारे १९ मिलिमीटर असतात. टेकूची आतली कड तेवढ्याच अंतरावर ठेवली, तर बोटांना तो न वाजणाऱ्या पाचव्या तारेसारखा सापडतो.

उंचीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि फसतात तेही तिथेच. टेकू तारेच्या पातळीपेक्षा उंच झाला तर जाड तार छेडताना बोट आखडते, आणि शेवटच्या बारीक तारेपर्यंत पोहोचायला मनगट काटकोनात मोडावे लागते. फारच बुटका झाला तर अंगठा त्यावरून घसरतो. वाद्याच्या अंगापासून जाड तारेपर्यंतची उंची पट्टीने मोजून त्याहून एक सूत कमी धरावी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कारखान्याच्या पुस्तिका मिलिमीटर सांगतात, पण नागपुरात सुतारापुढे उभे राहिल्यावर सुतातच बोलावे. काम लवकर समजते.

सामानासाठी इतवारीबाहेर फारसे जावे लागत नाही. जुन्या नागपूरचा हा बाजार ओळींनी वसलेला आहे. सराफा ओळीत सोने, किराणा ओळीत धान्य-मसाले, लोहाओळीत लोखंड आणि हार्डवेअर. गांधीबागेचा कापड बाजार शेजारी, आणि लाकडाच्या वखारींचे लकडगंज पूर्वेला जवळच. टेकूला लागणारे लाकूड म्हणजे कुणाच्या तरी कपाटातून उरलेला तुकडा. तो विकत घेण्यापेक्षा मागून घेणे सोपे. सागवान इकडे हाताशी असते आणि ते टिकतेही, पण त्याचा अंगचा तेलकटपणा सरस नीट धरू देत नाही आणि त्यातली वाळू हत्यारांची धार मारते. शिसव अधिक चांगले. ते घट्ट असते, कड धरून ठेवते, आणि अंगठ्याच्या घामाने काळवंडले तरी शोभते. ठोकळा कापून कानशीने वरची कड गोल करावी, मग पॉलिश पेपर खरखरीतपासून मऊपर्यंत फिरवावा. चपड्याचे पॉलिश दिसायला सुरेख असते. पण घामेजल्या अंगठ्याखाली ते चिकटते, म्हणून अंगठ्याच्या जागी नुसते तेल किंवा मेण चोळलेले बरे.

दुहेरी चिकटपट्टीने टेकू लावण्याची सोय आहे आणि तिचा मोह पडतो, कारण वाद्याला भोक पडत नाही. थंड गावात ती चालतही असेल. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. एरवीही उन्हाळ्यात दुपारी गाडीच्या डिकीत ठेवलेल्या वाद्याची अवस्था सांगायला नको. चिकटपट्टीतला गोंद मऊ पडतो आणि अंगठ्याच्या सततच्या दाबाने ठोकळा हळूहळू सरकत जातो. वादकाला ते कळत नाही. त्याला फक्त आज हात बसत नाही एवढेच जाणवते. चिकटपट्टी जागा तपासण्यापुरती ठीक, कायमच्या कामाला स्क्रूच हवा.

लोहाओळीत मागायचे ते ४ नंबरचे, बसक्या डोक्याचे लाकडी स्क्रू. लांबी ठोकळ्याच्या उंचीनुसार पाऊण किंवा एक इंच. पितळी स्क्रू शिसवीवर उठून दिसतात, पण ते नरम असतात आणि घट्ट लाकडात पिळताना त्यांची मान मोडते. जुने सुतार आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत घालून काढतात आणि तयार झालेल्या आट्यांत पितळी बसवतात. वाद्याच्या अंगात भोक पाडायला २ मिलिमीटरचे ड्रिल पुरते. एवढे बारीक ड्रिल सुताराच्या पेटीत नसले तरी सोनारकामाच्या हत्यारांत नक्की असते. टेकूतले भोक मात्र स्क्रूच्या जाडीहून किंचित मोठे हवे, म्हणजे आटे फक्त खालच्या लाकडात धरतात आणि ठोकळा खाली ओढला जातो. दोन्हीकडे आटे धरले तर मध्ये फट राहते, आणि ती कितीही पिळले तरी मिटत नाही.

प्रत्यक्ष भोक पाडण्याआधी पिकगार्ड, म्हणजे वाद्याच्या अंगावर बसवलेला प्लास्टिकचा पत्रा, उचलून खाली काय आहे ते पाहणे सक्तीचे समजावे. काही वाद्यांत वायर नेण्यासाठी खोबण्या कोरलेल्या असतात. खोबणीवर पडलेला स्क्रू पोकळीत फिरत राहतो आणि आतली वायर तोडण्याचीही भीती असते. वाद्याच्या अंगावरचा रंग काचेसारखा कडक असतो, त्यामुळे ड्रिल टेकताच त्याचे टवके उडतात. वर मास्किंग टेप लावून, ड्रिल आधी उलटे फिरवून रंगापुरता खड्डा करून घेतला तर टवका उडत नाही. खोली कळावी म्हणून ड्रिललाच टेपची पट्टी गुंडाळतात. स्क्रूला साबण किंवा मेण लावून तो हातानेच पिळावा. स्वस्त बेस गिटारीचे लाकूड बरेचदा मऊ असते. मशीनने पिळलेला स्क्रू त्यात क्षणात आटे खातो. तसे झालेच तर भोकात सरस लावलेली बांबूची काडी ठोकून, वाळू देऊन, नव्याने भोक पाडावे.

ज्याला वाद्याला हातच लावायचा नाही, त्याच्यासाठी याहून शहाणी वाट आहे. टेकू वाद्यावर न बसवता पिकगार्डवर बसवायचा, आणि तोही खालून. तारा सैल करून पिकगार्ड काढला की त्याला दोन भोके पाडून, खालच्या बाजूने तीन सुती स्क्रू ठोकळ्यात पिळतात. स्क्रूची डोकी प्लास्टिकमध्ये बुडवून सपाट करावी लागतात, नाहीतर पिकगार्ड उचललेला राहतो. वरून एकही स्क्रू दिसत नाही, लाकडाला ओरखडा नाही, आणि उद्या वाद्य विकायचे झाले तर नवा पिकगार्ड लावला की प्रश्न मिटला. जुन्या, दुर्मीळ वाद्यावर दुसरा विचार करूच नये. जिथे पिकगार्ड जाड तारेच्या वरपर्यंत पोहोचत नाही, किंवा मुळातच नाही, तिथे मात्र लाकडाशीच गाठ पडते.

टेकूचा एक तोटा आहे. एका जागी रोवलेला अंगठा तारा दाबून गप्प करू शकत नाही. वरच्या पट्टीत बारीक तारेवर वाजवताना जाड तार मोकळी राहते आणि आपणहून गुणगुणू लागते. मोठ्या स्पीकरवर ती गुणगुण गढूळपणा होऊन ऐकू येते. म्हणून जाणते वादक टेकूचा उपयोग जाड दोन तारांपुरता करतात, आणि बारीक तारांकडे जाताना अंगठा टेकूवरून उचलून जाड तारेवर आणून ठेवतात. पाच तारांच्या बेसवर खालची ३१ हर्ट्झची तार बराच वेळ अंगठ्याखालीच असते, त्यामुळे तिथे टेकूची गरज थोड्यांनाच भासते.

बसवल्यानंतरची देखभाल थोडी आहे. जूनमध्ये पाऊस लागला की लाकूड फुगते, मार्चनंतर आक्रसते, आणि दोन्ही वेळा स्क्रू पाव फेरा ढिला पडतो. ढिल्या टेकूचे पहिले लक्षण कानाला कळते. मोकळी जाड तार ४१ हर्ट्झला घुमते तेव्हा तोही बारीक खरखरतो, आणि वादक ती खर पडद्यांत किंवा ॲम्प्लिफायरमध्ये शोधत बसतो. पेचकसाने पाव फेरा दिला की खर जाते. तरीही राहिली, तर ठोकळ्याखाली फेल्टचा पातळ तुकडा घालावा.