चौथा संगम

पाटणला केरा नदी कोयनेला मिळते. तिथून सकाळी निघालो, तेव्हा मनात पाटणकर घराण्यातला एक मुलगा होता, नागोजीराव. १८६६ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी महाराजांना मूलबाळ नव्हतं म्हणून त्यांचा हा भाचा दत्तक गेला आणि राजाराम महाराज झाला.

कराडपर्यंत कोयनेची सोबत असते. प्रीतिसंगमावर ती आणि कृष्णा अगदी समोरासमोर येऊन भेटतात. घाटावर बसलो की राजारामांचा प्रवास आठवतो. १८७० मध्ये ते विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, पाहिलेलं रोजनिशीत नोंदवत राहिले. परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला गेले. वय अवघं वीस.

तिथे दहनाची चाल नव्हती, खास परवानगी काढावी लागली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या अंधारात, चिता पेटली. १८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँटचा; कोल्हापूरचा नवा राजवाडाही पुढे त्यानेच आखला. छत्रीखाली राजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. फ्लॉरेन्सच्या लोकांनी त्या परिसराला ‘इंडियानो’ म्हणायला सुरुवात केली आणि १९७८ मध्ये शेजारी झालेल्या पुलालाही तेच नाव मिळालं.

दुपारी उसाच्या शेतांमधून सांगली गाठली आणि पुढे हरिपूर. संगमेश्वराच्या देवळाखाली वारणा कृष्णेत शिरते. १७३१ च्या तहाने हीच वारणा सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची हद्द ठरली होती. पाटणकरांचं पाटण वारणेच्या उत्तरेला, कोल्हापूर दक्षिणेला. ती हद्द ओलांडून राजा झालेला मुलगा पुढे समुद्रही ओलांडून गेला. पाटणचं पाणी मात्र कराडवरून इथवर येतं आणि इथे वारणेच्या पाण्यात मिसळतं.

घाटावर एक कुटुंब रक्षा घेऊन आलं होतं. नावाडी त्यांना दोन्ही पाणी एक होतं तिथवर घेऊन गेला. कुणाला जागा विचारावी लागली नाही. राजांच्या माणसांना मात्र परक्या देशात, परक्या भाषेत ती विचारावी लागली असेल. त्यांनी ती शोधली. आपल्या धन्याला संगमाविना जाऊ दिलं नाही.