पहिला नग

मनुष्याच्या मनात जी अनेक प्रकारची भये घर करून असतात, त्यांत आपल्या कामातील दोष दुसऱ्याच्या दृष्टीस पडेल हे भय मोठे विलक्षण आहे. अंधाराचे भय वय वाढले म्हणजे ओसरते. हे मात्र वयाबरोबर वाढत जाते. लहान मूल पाटीवर काढलेली वेडीवाकडी रेघ घरभर कौतुकाने दाखवीत हिंडते. तेच मूल आठवीत गेले म्हणजे शेजारच्याला दिसू नये म्हणून वहीवर हात आडवा धरते. गेल्या वर्षी अवघ्या अकरा ओळींच्या एका आज्ञावलीने मला या भयाची पुरती ओळख करून दिली. ती हकीकत फारशी अभिमानाची नाही. तथापि ती माझ्या शाळूसोबत्यांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे सांगण्याचे योजिले आहे.

आमचे बिऱ्हाड चिंचवडास आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, आणि त्यानंतर या माळावर कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले. पुढे ही रांग चाकणपर्यंत जाऊन पोहोचली, आणि २००९ साली तेथे फोक्सवॅगनच्या मोटारींचा कारखानाही सुरू झाला. परंतु मोठ्या कारखान्यांच्या मागे शेकडो लहान कारखाने राबत असतात. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील अशाच एका लहान कारखान्यात माझे वडील टर्नर आहेत. ते घरी आले म्हणजे त्यांच्या सदऱ्याला तेलाचा आणि लोखंडाचा एक मिश्र वास येतो. तो वास मला लहानपणापासून घराचाच वास वाटत आला आहे.

एकदा मी त्यांना विचारले, “बाबा, लेथ किती वेगाने फिरवायचा हे तुम्ही कसे ठरवता?” ते म्हणाले, “जॉब जितका जाड, तितका तो सावकाश फिरवायचा. जाड जॉबचा परीघ मोठा. तेवढ्याच फेऱ्या ठेवल्या, तर त्याचा पृष्ठभाग टूलसमोरून फार जोरात सरकतो. टूल तापते आणि त्याची धार जाते.” मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडून दाखविला. धातूस मिनिटाला किती मीटर कापावयाचे तो कापण्याचा वेग घ्यावा, त्यास हजाराने गुणावे, आणि ३.१४ व मिलिमीटरमधील व्यास यांच्या गुणाकाराने भागावे. म्हणजे मिनिटाच्या फेऱ्या निघतात.

त्याच सुमारास शाळेच्या संगणक-कक्षात आम्हांस पायथॉन ही संगणकाची भाषा शिकविण्यास आरंभ झाला होता. वडिलांचा हा हिशेब आपण संगणकास शिकवावा, अशी कल्पना माझ्या मनात आली. एका रविवारी दुपारी मी अकरा ओळी लिहिल्या. व्यास व वेग विचारून घेणारी, आणि क्षणात फेऱ्या सांगणारी ती चिमुकली आज्ञावली पाहून मला कृतकृत्य वाटले. उत्तर आले, त्या अर्थी ते बरोबरच आले असले पाहिजे, अशी माझी त्या वेळी भाबडी समजूत होती. वडिलांना पुढे कधी तरी चकित करावे म्हणून ती त्यांना दाखविली नाही. मात्र साऱ्या जगाला दाखविण्याची घाई केली!

आज्ञावली कोणालाही पाहता यावी, घेता यावी आणि तिच्यात सुधारणा सुचविता यावी यासाठी गिटहबसारखे सार्वजनिक संग्रह आहेत. तेथे मी माझ्या अकरा ओळी ठेविल्या. सोबत नमुना म्हणून संगणकाच्या पडद्याचे एक चित्रही जोडले: व्यास ५० मिलिमीटर, कापण्याचा वेग मिनिटाला २५ मीटर, फेऱ्या ३१८. वर मोठ्या थाटाने लिहिले, ‘नवशिक्यांच्या उपयोगासाठी.’ खरे सांगावयाचे तर उपयोगाचा विचार थोडा होता आणि प्रौढीच फार होती.

आठव्या दिवशी एक संदेश आला. लिहिणारा राजगुरुनगरकडील एक मुलगा होता. आय. टी. आय.मध्ये टर्नरच्या शिक्षणक्रमाला तो नुकताच दाखल झाला होता. त्याने अत्यंत नम्रपणे लिहिले होते की, तुमच्या चित्रातील उदाहरण मी वहीत सोडवून पाहतो, तर उत्तर १५९ येते. आमच्या सरांच्या रीतीनेही तेच येते. दोन दिवस मी माझी चूक शोधीत आहे, पण ती सापडत नाही. माझे कोठे चुकते ते कृपा करून सांगावे.

मी आज्ञावली उघडून पाहिली, आणि माझे कान तापले. शाळेत वर्तुळाचा परीघ आपण त्रिज्येवरून काढतो. त्या सवयीने मी व्यासाची निमपट करून त्रिज्या घेतली होती, आणि पुढे तिला दोनाने गुणावयाचे विसरलो होतो. त्यामुळे प्रत्येक उत्तर दुप्पट येत होते. १५९ च्या जागी ३१८! कसलेल्या कारागिराने असा आकडा पाहताच हसून सोडून दिला असता. परंतु ज्याने लेथला नुकताच हात लावला आहे, त्याने तो खरा मानून यंत्र दुप्पट वेगाने फिरविले असते तर?

या प्रसंगी मी काय करावयास हवे होते, ते सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. मी काय केले, ते मात्र सांगितले पाहिजे. मी त्या मुलाला उत्तर दिले नाही. संग्रहातील माझी सारी आज्ञावली पुसून टाकली. तिच्याबरोबर त्याचा प्रश्नही पुसला गेला. संगणक बंद करून मी पांघरुणात शिरलो. आता कोणालाच काही दिसणार नाही, या विचाराने मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले. परंतु झोप काही येईना. राजगुरुनगरकडे कोणी एक मुलगा अजून वहीत आपली नसलेली चूक शोधीत बसला असेल, हे चित्र डोळ्यांपुढून हालेना.

दुसऱ्या दिवशी वडिलांची दुसरी पाळी होती, म्हणून ते सकाळी घरी होते. माझा चेहरा पाहून आईने त्यांना खूण केली असावी. त्यांनी विचारताच मी सर्व सांगून टाकले. ते रागावले नाहीत. चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, “आमच्याकडे पहिला नग म्हणजे काय, ठाऊक आहे तुला?”

नवीन काम यंत्रावर चढविले म्हणजे आधी एकच नग काढतात. तो घेऊन कामगार तपासणीच्या टेबलाशी जातो. तेथे सर्वांच्या देखत त्याची मापे घेतली जातात. तपासनिसाची सही झाली म्हणजे मगच पुढचे काम चालू होते. वडील तरुणपणी नवीनच कामाला लागले होते, तेव्हा एका कारखान्यात त्यांना आपला पहिला नग किंचित कमी भरल्याचा संशय आला. सर्वांपुढे आपली फजिती होईल म्हणून त्यांनी तो खिशात टाकला, दुसरा जरा बरा निघालेला नग दाखविला, आणि काम सुरू ठेविले. टूल कोठे तरी सैल होते. संध्याकाळपर्यंत सुमारे दोनशे नग भंगारात गेले.

“एक नग चुकला म्हणून कोणी हाकलून देत नाही रे,” वडील म्हणाले. “तपासणीचे टेबल असते ते त्याचसाठी. नग तिथे नेतात तो शाबासकीसाठी नव्हे, माप घेण्यासाठी. तू आपला नग उघड्यावर ठेवलास, हे चांगले केलेस. पण ज्याने फुकट माप घेऊन दिले, त्याच्याच तोंडावर दार लावलेस. ते बरे नाही केलेस.”

त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी आज्ञावली दुरुस्त केली, आणि या वेळी आधी वडिलांपुढे बसून पाच निरनिराळ्या व्यासांची उत्तरे वहीतील हिशेबाशी ताडून पाहिली. नवीन चित्र घ्यावयाचे म्हणून मी वडिलांच्या टेबलावर मोबाईल ठेवून छायाचित्र काढले. ते पाहताच वडिलांनी त्याच्या एका कोपऱ्यावर बोट ठेविले. तेथे कारखान्यातील एका भागाचा नकाशा अर्धवट दिसत होता. “हा माझाही नाही आणि तुझाही नाही. गिऱ्हाइकाचा आहे,” ते म्हणाले. मी ते छायाचित्र काढून टाकले, आणि केवळ पडद्याचे चित्र घेतले. आपले असेल ते मोकळेपणाने दाखवावे. दुसऱ्याचे असेल ते त्याच्या अनुमतीवाचून दाखवू नये. घरचा पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक आणि खात्याचा परवलीचा शब्द ही तर आज्ञावलीत किंवा चित्रात चुकूनही राहू देऊ नयेत.

मग पूर्वीच्याच नावाने मी ती आज्ञावली पुन्हा संग्रहात ठेविली. वर लिहिले की, या आधीची आज्ञावली चुकीची होती. तिच्यात फेऱ्या दुप्पट येत होत्या. चूक अमुक ओळीत होती. ज्या मित्राने ती दाखविली, त्याचे उत्तर बरोबर होते, चूक माझी होती, आणि त्याला उत्तर न देता मी निघून गेलो याबद्दल मी त्याची क्षमा मागतो. हे शेवटचे वाक्य लिहावयास मला त्या अकरा ओळींहून अधिक वेळ लागला. तो ते वाचील की नाही, हे कळण्यास मार्ग नव्हता. कारण त्याला लिहिण्याची जागा मीच पुसून टाकली होती.

नऊ दिवस काहीच आले नाही. दहाव्या दिवशी त्याचा संदेश आला. राग तर नव्हताच. उलट एक सूचना होती. त्याने लिहिले होते की, आमच्या लेथवर १५९ फेऱ्या लावताच येत नाहीत. गिअर बदलून ठरावीक वेगच मिळतात. तेव्हा आपल्या यंत्रावर मिळणारे वेग आधी विचारून घ्यावे, आणि उत्तराच्या खालचा सर्वांत जवळचा वेग सांगावा, असे केले तर? त्यासाठी चार ओळीही त्याने लिहून पाठविल्या होत्या. त्याच्या आयुष्यातील त्या पहिल्याच ओळी होत्या! त्या मी जशाच्या तशा घेतल्या. आज ती आज्ञावली पंधरा ओळींची आहे, आणि तिच्या माथ्यावर आम्हां दोघांचा उल्लेख आहे.

थोरांची उदाहरणे पाहिली तरी हेच दिसते. १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण हौस म्हणून एक संगणक-प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, आणि लोकांच्या सूचना मागविल्या. त्या वेळी ती अगदी अपुरी होती. पुढे हजारो हातांनी ती वाढविली, आणि आज अँड्रॉइडच्या प्रत्येक मोबाईलच्या गाभ्यात तीच लिनक्स आहे. मुलांसाठी २००७ साली खुल्या झालेल्या स्क्रॅचमध्ये तर दुसऱ्याने सर्वांसाठी ठेविलेला खेळ आतून उघडून पाहता येतो, आणि त्यावरून आपला नवा खेळ रचता येतो. फार दूर कशाला जावे? चाकणहून शिक्रापूरच्या वाटेने गेले म्हणजे पलीकडे पाबळ लागते. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. हाताने काम करीत शिकावे, हे त्यांच्या शिक्षणाचे सूत्र होते. अमेरिकेतील एम. आय. टी.च्या बाहेर ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब निघाल्या, त्यांतील एक या खेड्यात आली. एका ठिकाणी केलेली रचना दुसऱ्या ठिकाणच्यांनी पाहावी, सुधारावी, हाच अशा प्रयोगशाळांचा बाणा आहे.

शाळूसोबत्यांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या संगणकात अशा दहा-वीस ओळी झाकून ठेविलेल्या असतील. पूर्ण झाल्यावर दाखवू, असे तुम्ही म्हणत असाल. माझे इतकेच सांगणे आहे की, पूर्ण होण्याची वाट पाहू नका. मात्र अपुरे ते अपुरे म्हणून दाखवा. आज्ञावली काय करते, कोणते आकडे घालून ती तपासली आहे, आणि कोठे ती अडते, हे दोन-चार वाक्यांत लिहा. दिलेले आकडे व आलेले उत्तर ही दोन्ही दिसतील असे चित्र जोडा; माझी चूक सापडली ती त्या चित्रामुळेच. इतरांनी ती घ्यावी अशी इच्छा असेल तर तसा परवानाही स्पष्ट लिहा, कारण नुसते उघड्यावर ठेविल्याने दुसऱ्यास ती वापरण्याचा हक्क मिळत नाही. आणि कोणी दोष दाखविला, तर दार लावू नका.

पालकांसही एक विनंती आहे. आपले मूल असे काही दाखवावयास निघाले, तर ‘लोक हसतील’ असे म्हणून त्यास मागे ओढू नये. त्याच्या शेजारी बसून आधी एकदा माप घ्यावे, आणि चित्राच्या कोपऱ्यात काय दिसते तेही पाहावे.

माझ्या टेबलावर हल्ली लोखंडाचा एक लहानसा नग असतो. किंचित कमी भरलेला तो नग वडिलांनी इतकी वर्षे जपून ठेविला होता. त्या सकाळी तो त्यांनी माझ्या हातावर ठेविला. नवीन आज्ञावली संग्रहात ठेवताना हात अडखळला, म्हणजे मी त्याच्याकडे पाहतो.

— एक विद्यार्थी, इयत्ता १० वी