घाटातलं वळण, ट्रॅकवरचं वळण आणि आपलं शरीर

राजापुरातल्या या डॉक्टरला मोटारसायकलचा नाद आहे, हे माझ्या नेहमीच्या रुग्णांना ठाऊक आहे. हिवाळ्यात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर एक दिवस गाडी चालवून आलो, तेव्हा तरुणांनी विचारलं, "डॉक्टर, किती पळवलीत?" त्यांच्या आयांनी मात्र विचारलं, "तुम्हीच असं केल्यावर आमच्या पोरांना कोण आवरणार?" हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

ट्रॅक डे म्हणजे काय?

ट्रॅक डे ही शर्यत नसते. नंबर नाही, बक्षीस नाही. अनुभवानुसार गट पाडतात आणि प्रत्येक गटाला साधारण १५ ते २० मिनिटं ट्रॅकवर सोडतात. मग सक्तीची विश्रांती. आधी गाडी आणि पोशाख तपासतात: पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, चामड्याचा सूट, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट. एक वस्तू कमी असली तरी आत सोडत नाहीत.

हा ट्रॅक २०११ साली सुरू झाला. लांबी सुमारे ५.१ किलोमीटर, वळणं १६. मुळात सपाट असलेल्या जमिनीवर मुद्दाम चढउतार केले आहेत. तिसरं वळण चढावर आहे, माथ्यापलीकडचं दिसत नाही. त्यानंतर किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा, आणि त्याच्या शेवटी पुन्हा जोरात ब्रेक. पुढे एकात एक गुंतलेली वळणं. आपल्या अणुस्कुरा घाटातून गाडी चालवणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. पण ट्रॅकवर समोरून एसटी येत नाही, वळणावर गुरं बसलेली नसतात, डांबरावर दरडीची माती नसते, कडेला दरी नसते. धोका दिसला की पिवळा किंवा लाल झेंडा दाखवतात आणि रुग्णवाहिका तयार उभी असते. एवढं सगळं असूनही दर वीस मिनिटांनी आपल्याला थांबवतात, कारण माणसाचं शरीर त्याहून जास्त वेळ तितकं लक्ष देऊ शकत नाही. घाटात आपल्याला थांबवणारं कुणी नसतं.

डोळे आधी, गाडी मागून

प्रशिक्षक दिवसभर एकच सांगत होता: "वळणाच्या शेवटाकडे बघा." यामागे शरीरशास्त्र आहे. आपला तोल डोळे, आतला कान आणि स्नायू मिळून सांभाळतात. वळणात गाडी झुकते, पण त्या वेळी शरीरावरचा एकूण दाब गाडीच्या सीटच्या दिशेनेच येतो. त्यामुळे आपण किती झुकलो आहोत, हे आतल्या कानाला नीट कळत नाही. मेंदूला खरा भरवसा उरतो तो डोळ्यांचा. आणि घाबरलेले डोळे भीतीच्या वस्तूवरच खिळतात. खड्ड्याकडे बघत राहिलात तर हात नकळत गाडी खड्ड्याकडेच नेतात.

आता थोडं गणित. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोरचं दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. घाटातल्या वळणावर कित्येकदा तेवढा रस्ता दिसतही नाही. म्हणून वेग ठरवताना काट्याकडे नव्हे, तर दिसणाऱ्या रस्त्याकडे बघायचं. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता यायला हवं.

मनगटं आणि हात

चौथ्या फेरीनंतर माझे कोपराखालचे हात दगडासारखे घट्ट झाले. शर्यतीतल्या चालकांना हा त्रास चांगलाच परिचित आहे. हँडल करकचून धरलं की कोपराखालचे स्नायू फुगतात. त्यांच्यावरचं आवरण फारसं ताणत नाही, आत दाब वाढतो, रक्ताची ये-जा मंदावते. मग बोटं बधिर होतात आणि ब्रेक किती दाबला हे कळेनासं होतं. काहींना यासाठी शस्त्रक्रियाही करावी लागते.

घाट उतरताना सगळं वजन मनगटांवर येतं, तेव्हा हेच घडतं. उपाय साधे आहेत. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरं सैल ठेवा, ज्या गिअरमध्ये चढ चढता त्याच गिअरमध्ये उतरा म्हणजे ब्रेकवर भार कमी येईल. बोटांना मुंग्या आल्या तर रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी गाडी लावून हात मोकळे करा. विश्रांतीनंतरही बधिरपणा राहिला तर दाखवायला या.

तहान लागायच्या आधी

सप्टेंबर २०२३ मध्ये याच ट्रॅकवर मोटोजीपीची शर्यत झाली. उष्म्यामुळे मुख्य शर्यत २४ ऐवजी २१ फेऱ्यांची केली. तरीही दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यत संपताच उष्णतेने आणि शरीरातलं पाणी कमी झाल्याने कोसळला. जगातल्या सर्वांत तंदुरुस्त चालकांपैकी हा एक!

कोकणात तर हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. पाणी कमी पडलं की आधी लक्ष उडतं, मग डोकं दुखतं, चिडचिड होते. मुंबईहून रात्रभर गाडी चालवत येणारे चाकरमानी याला "झोप कमी झाली" म्हणतात. बऱ्याचदा झोप आणि पाणी दोन्ही कमी झालेलं असतं. दर तासाला थांबा, पाणी प्या. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय असं समजा. मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत चांगलंच, पण मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचारावं.

कुणी पडलं तर

ट्रॅकवर डोक्यावर पडलेल्याला डॉक्टरने तपासल्याशिवाय परत गाडीवर बसू देत नाहीत. आपल्याकडे मुलगा धूळ झटकतो, "काही लागलं नाही" म्हणतो आणि गाडी चालवत घरी जातो. सर्वांत जास्त काळजी मला याचीच वाटते, कारण कवटीच्या आतला रक्तस्राव काही तासांनीही त्रास देऊ शकतो.

- आधी मागून येणारी वाहनं थांबवा, मग १०८ ला फोन करा.
- हेल्मेट ओढून काढू नका. काच वर करा, श्वास चालू आहे का बघा.
- श्वास अडकत असेल किंवा उलटी होत असेल तरच हेल्मेट काढा, तेही दोघांनी: एकाने मान आणि डोकं खालून स्थिर धरायचं, दुसऱ्याने पट्टा सोडून हळू सरकवायचं.
- पाणी पाजू नका, उठवून बसवू नका.
- पुढच्या दोन दिवसांत वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, झटका, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, यातलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा.

मदत करणाऱ्याने घाबरू नये. कायद्याने त्याला संरक्षण दिलं आहे. नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही.

मग पोरांना काय सांगायचं?

वेगाची हौस असेल तर पैसे साठवा आणि ट्रॅकवर जा. तिथे स्वतःची मर्यादा कळते आणि चुकलात तर सावरायला जागाही असते. मला तर दुसऱ्याच फेरीत माझी कळली! अणुस्कुऱ्यात, त्यातही पावसाळ्यात, ती शोधायला जाऊ नका.

फिट येणारे, चक्कर येणारे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे किंवा हृदयविकार असलेले, यांनी ट्रॅकचा विचारही आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून करावा. आणि दवाखान्यात याल तेव्हा हेल्मेट सोबत आणा. आयएसआयची खूण आहे का, डोक्याला घट्ट बसतं का, हनुवटीखालचा पट्टा किती ओढायचा, हे पाच मिनिटांत बघू. त्याची फी नाही.