आधी भरायची सोय

घरातली एखादी वस्तू जुनी झाली, की ती ठेवायची की मोडीत काढायची यावरून दोन पक्ष पडतात. वडोदऱ्याच्या समा भागातील एका मराठी कुटुंबात २०२४च्या ऑगस्टअखेरीस असेच झाले. विश्वामित्री नदी धोक्याची २५ फुटांची पातळी ओलांडून वस्तीत शिरली आणि अंगणातली जिप्सी दोन दिवस चाके बुडेपर्यंत पाण्यात उभी राहिली.

"आता भंगारात देऊन टाकू," मुलगा म्हणाला. आप्पा काहीच बोलले नाहीत. सैन्याच्या ईएमई दलात त्यांचा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेला होता. निवृत्तीनंतर घेतलेल्या या गाडीतून ते दरवर्षी पत्नीला पावागडच्या पायथ्याशी नेत. पत्नी गेली आणि पुढे हातांना कंप सुटला. स्कूटर विकली गेली, बँकेची कामे मुलाने आपल्याकडे घेतली. "आप्पा, तुम्ही आराम करा," हे वाक्य घरात रोजचे झाले होते.

एका गॅरेजवाल्याने येऊन इंजिनाचे ऑईल बदलले, गाडी सुरू करून दाखवली आणि "झाले काम" म्हणून तो निघून गेला. आप्पांना ते पटेना.

"सूनबाई, इंजिनाखेरीज या गाडीत आणखी चार ठिकाणी तेल असते. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि पुढचा-मागचा डिफरन्शियल. आतल्या हवेला ये-जा करायला बारीक वाट ठेवलेली असते. तिथून पाणी शिरते. गाडी आज चालेल, पण बेअरिंग आणि दाते झिजून जातील."

"मग बदलू या की."

"गाडीखाली शिरणार कोण?"

"मी. तुम्ही नुसते सांगत जा."

रविवारी सपाट जागी गाडी उभी करून चाकांना विटा लावल्या. जिप्सी मुळातच उंच, त्यामुळे जॅकची गरज पडली नाही. सूनबाई नवऱ्याचा जुना शर्ट चढवून मागच्या डिफरन्शियलखाली शिरल्या. खालच्या प्लगला पाना लावतात तोच स्टुलावरून आप्पा ओरडले, "थांब! आधी वरचा, भरायचा प्लग उघडतो का बघ. खालून सगळे तेल काढलेस आणि वरचा उघडलाच नाही, तर गाडी रिकाम्या पोटी जागेवरच बसेल."

आणि खरेच, वरचा प्लग गंजून घट्ट बसला होता. गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी पान्याला लोखंडी नळी लावून लांब दांडा केला, तेव्हा कुठे तो कुरकुरत सुटला.

मग खालचा प्लग काढला. घमेल्यात आधी पाणीच पडले, कारण पाणी तेलाहून जड असल्याने तळाशी बसते. त्यामागून दुधाळ चहासारखे तेल आले. आप्पांनी जुन्या स्पीकरचा चुंबक त्यात फिरवला. त्याला करडा, मऊ लेप चिकटला. "ही नेहमीची झीज. टोचणारे तुकडे निघाले असते, तर दात तुटला असे समजायचे." पुढच्या डिफरन्शियलचीही तीच गत होती. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस जरा उंचावर असल्याने त्यांतले तेल स्वच्छ निघाले. तरी तेही बदलले.

दुकानदार सगळीकडे एकच तेल घाला म्हणत होता. आप्पांनी पुस्तिका उघडायला लावली. डिफरन्शियलला जीएल-५ आणि गिअरबॉक्सला जीएल-४, कारण काही जीएल-५ तेले गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना सोसत नाहीत. नरसाळे आणि पारदर्शक नळी लावून, भोकातून तेल ओघळेपर्यंत भरले. त्या गंधकाच्या वासाने नातवाने नाक दाबले, आप्पा मात्र खुशीत होते. चार-पाच किलोमीटर फिरवून डिफरन्शियल पुन्हा उघडले तर तेलात अजून दुधाळ झाक होती. म्हणून ते दुसऱ्यांदा बदलले. काढलेले तेल गटारात न ओतता डब्यांत भरून ठेवले आणि वापरलेले तेल पुनर्वापरासाठी गोळा करणाऱ्याकडे दिले.

त्या रात्री सूनबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आपण आप्पांकडून एकेक गोष्ट काढून घेत गेलो. स्कूटर, बँक, आता गाडी. त्या जागी काय भरायचे, याचा विचार केला का कधी?"

तो बराच वेळ गप्प होता. सकाळी तो स्वतःच आप्पांकडे गेला. "आप्पा, पुढच्या रविवारी मलाही खाली शिरू द्या. ब्रेकचे काम राहिले आहे ना?"

दसऱ्याला जिप्सीला झेंडूचे तोरण बांधले. पाटावर पाने मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले. पूजा झाल्यावर आप्पांनी मोठा पाना उचलून सुनेच्या हाती दिला आणि किल्ली मुलाच्या. मग हळूच ते पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"चला, पावागडला जाऊन येऊ."