नालबंदांच्या घरचं लग्न

नअल हा मूळचा अरबी शब्द. अर्थ अगदी साधा, जोडा किंवा चप्पल. तुवाच्या पवित्र खोऱ्यात हजरत मूसांना पायातले जोडे काढायला सांगितलं गेलं, तिथे कुराणात हाच शब्द आलेला आहे. फारसीने त्याला 'बंद' जोडून नालबंद केला. मराठीने त्यातला ऐन गिळून टाकला, नुसता 'नाल' ठेवला. माणसाच्या पायातला शब्द वाटेत जनावराच्या पायात गेला. शब्द एक पायरी खाली उतरला, आणि त्या शब्दावर पोट भरणारी माणसंही समाजात पायरीभर खालीच राहिली.

आपल्यात पिंजारी, अत्तार, तांबोळी, बागवान, शिकलगार, मणियार अशी धंद्याची आडनावं पुष्कळ आहेत. त्यातल्या कुणाला त्याचा अभिमान वाटतो, कुणी पहिली संधी मिळताच शेख होऊन जातो. आमचं घराणं दुसऱ्या जातीचं. आमचे परदादा खडकीच्या छावणीत पलटणीच्या घोड्यांना नाल ठोकत. थोरल्या चाचांनी 1960च्या दशकात कारकुनीला लागताना नालबंद सोडून शेख लावलं. त्यांच्या मागोमाग आमच्या अब्बांनी, आणि म्हणून शाळेच्या हजेरीपटावर आम्हीही शेखच. या गोष्टीची घरात कधी चर्चा झाली नाही. घोड्याचा विषयच घरात निघत नसे म्हटलं तरी चालेल.

तो विषय काढला चाचांच्या नातीने, लेस्टरहून. तिचा जन्म तिथलाच. निकाह ठरला होता, आणि तिला पाहुण्यांना द्यायला घोड्याचे नाल हवे होते. दीडशे. नवे नकोत, चांदीचा मुलामा दिलेले नकोत, खरोखर घोड्याच्या पायातून उतरलेले.

विलायतेतल्या लग्नात हे काही जगावेगळं नाही, हे आम्हाला नंतर कळलं. तिकडे नवरीच्या हातात रिबिनीला बांधलेला नाल देण्याची जुनी रीत आहे. सेंट डन्स्टन नावाचा दहाव्या शतकातला धर्मगुरू लोहारकाम जाणत होता, त्याने सैतानाच्याच पायात नाल ठोकला आणि दारावर नाल असेल तिथे शिरणार नाही असं वचन घेऊन सोडलं, अशी तिकडची दंतकथा. नेल्सनने आपल्या व्हिक्टरी जहाजाच्या डोलकाठीला नाल ठोकला होता म्हणतात. टोकं वर ठेवली तर नशीब सांडत नाही, असं बहुतेकांचं म्हणणं. खाली ठेवली तर ते घरादारावर ओतलं जातं, असं काहींचं. आता तिथेही पुठ्ठ्याचे आणि प्लास्टिकचेच नाल जास्त चालतात. पाहुण्याला निघताना हातात काहीतरी द्यायचं, पाच साखरेचे बदाम म्हणा की नाल म्हणा, ही भावना आपल्या छुहारे-मिस्रीच्या पुडीपेक्षा वेगळी नाही.

पण पोरीचं कारण निराळं होतं. तिला घरातल्या जुन्या कागदांत परदादांच्या पेन्शनीचा एक कागद सापडला होता, त्यावर नावापुढे 'नालबंद' होतं. आपल्या मोडक्या उर्दूत ती फोनवर म्हणाली, "ये हमारा नाम है ना? फिर किसी ने बताया क्यों नहीं?" तिच्या या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही विचारलं, कधीपर्यंत पाहिजेत?

आम्ही दोघं नवरा-बायको कल्याणला राहतो. मुंबईत व्हिक्टोरिया गाड्या होत्या तोवर हे काम अर्ध्या दिवसाचं होतं. 2015 साली उच्च न्यायालयाने त्या बंद करायला सांगितल्या, आणि घोड्यांबरोबर तबेल्यांच्या आसपासचे नालबंदही पांगले. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडे आहेत, पण शर्यतीच्या घोड्याच्या पायात ॲल्युमिनियमची हलकी पट्टी असते. ती दिसायला नाल, हातात घेतली की काहीच नाही. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत हजारो घोडे येतात, पण आमची सुट्टी आणि ती यात्रा यांचं जमेना. राहिलं माथेरान.

माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे पायी, नाहीतर घोडा. 2022च्या डिसेंबरात ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या. रस्त्यावर मातीऐवजी पेव्हर ब्लॉक आले. घोडेवाल्यांची तक्रार अशी की त्या ब्लॉकवर लोखंडाचा पाय घसरतो. आम्ही नाक्यावर उभे राहून थोडा वेळ नुसते बघत राहिलो. लाल मातीत टापांचा आवाज बसका येतो. ब्लॉकवर खणखणतो, आणि उतारावर घोडा पाय टाकण्याआधी क्षणभर विचार करतो. सूरह आदियातमध्ये टापांतून ठिणग्या उडवत धावणाऱ्या घोड्यांची शपथ आहे. इथले घोडे धावत नाहीत, पर्यटकांची पोरं पाठीवर घेऊन मान खाली घालून चालतात. पण त्यांच्याही पायातलं लोखंड तेच.

घोडेवाल्यांनी आम्हाला ज्यांच्याकडे पाठवलं ते नालबंद साठीपुढचे. आम्ही मराठीत सुरुवात केली, सलाम झाल्यावर भाषा आपोआप बदलली. ते काम करत होते, म्हणून आम्ही बसून राहिलो. घोड्याचा पाय मागे वळवून त्यांनी आपल्या दोन मांड्यांत धरला. जुने खिळे उपटून नाल काढला, वाढलेलं खूर सुरीने तासलं, मोठ्या कानशीने सपाट केलं. खूर महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतं, आपल्या नखासारखं, म्हणून नाल झिजला नसला तरी पाच-सहा आठवड्यांनी काढावाच लागतो. नवा नाल थंडाच हातोडीने ठोकून खुराच्या मापाचा केला. मग खिळे. खिळा खुराच्या बाहेरच्या भिंतीतूनच वर निघाला पाहिजे, तिथे जनावराला दुखत नाही. थोडा आत गेला की घोडा लंगडा. प्रत्येक खिळ्याला चाचा कान देऊन ठोकत होते. लोखंड बरोबर वाटेने जातंय की नाही ते आवाजावरून समजतं, म्हणाले. बी.एड.ला आम्हाला 'कौशल्य' या शब्दाच्या व्याख्या पाठ करायला लावल्या होत्या. त्यातली एकही त्या वेळी आठवली नाही.

काम संपल्यावर आम्ही मागणी सांगितली. ते हसले. "दीडसौ? शादी में घोड़े आनेवाले क्या?"

मग त्यांनी आम्हाला उलट विचारलं, काळ्या घोड्याचे हवेत का? कारण त्यांच्याकडे जुने नाल मागायला येणारे बहुतेक लोक शनीसाठी येतात. कुणाला दारावर ठोकायला हवा, कुणाला त्याच्या लोखंडाची अंगठी करायची असते. नाल ठोकण्याच्या मजुरीपेक्षा काही महिन्यांत त्यातच जास्त सुटतं. "और काले घोड़े कितने हैं यहाँ?" आम्ही विचारलं. त्यांनी उत्तराऐवजी घोड्याच्या पाठीवर थाप मारली. घोडा चॉकलेटी होता. स्वतः ते यातलं काहीही मानत नाहीत. अपशकुन मानू नये असं हदीस सांगते, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, आणि घोड्यात कयामतपर्यंत खैर आहे तीही हदीसच, असं वर जोडलं. त्यांचा मुलगा खाली नेरळला टेम्पो चालवतो. या कामात तो नाही आणि येणारही नाही.

दीडशे नाल म्हणजे साडेसदतीस घोडे. त्यांच्या शेडमागच्या ढिगात भंगारवाल्यासाठी साठवलेले तेवढे नक्की होते, पण धड किती? कुठे टाच झिजून कागदासारखी झालेली, कुठे अर्धा तुटलेला. निवडताना त्यांनीच शिकवलं : पुढच्या पायाचा नाल जास्त गोल, मागच्याचा जरा निमुळता. उजवा-डावाही ओळखता येतो, बाहेरची कड जास्त वळलेली असते. सगळे धुंडाळून अठ्ठेचाळीस चांगले निघाले. वजन भरलं तेरा किलो. भंगाराच्या भावापेक्षा एक पैसा जास्त घ्यायला ते तयार नव्हते. शेवटी मिठाईचे म्हणून दिले तेव्हा घेतले.

लेस्टरला फोन करून आम्ही सांगितलं, दीडशे माणसं असतील, पण घरं किती? तिने मोजली. सेहेचाळीस. एका घराला एक, हे तिला पटलं, आणि विमानाच्या तेवीस किलोच्या बॅगेलाही.

खरी अडचण पुढे होती. पुण्याला थोरल्या चाचांच्या कानावर हे गेलं. पहिला निरोप आला की ही शिर्कची लक्षणं आहेत, आमच्या घरच्या निकाहात नाल वाटले जाणार नाहीत. आम्ही जुम्म्याला मौलानांना विचारून घेतलं. लोखंडात नफा-नुकसान आहे असं मानलं तर हराम, नुसती भेट म्हणून दिलं तर वस्तूत दोष नाही, असं ते म्हणाले. एवढं म्हणून थांबले, आणि मोहरमची आठवण काढली. दख्खनेत नालाच्या आकाराचा पंजाही बसतो, त्याला नालसाहेब म्हणतात, इमाम हुसैनांच्या घोड्याशी त्याचं नातं लावतात. लोक कशाचं काय करतील सांगता येत नाही, म्हणून नीयत साफ लिहून द्या, म्हणाले.

हे आम्ही चाचांना कळवलं तेव्हा मौलानांच्या उत्तराकडे त्यांनी लक्षही दिलं नाही. मग आम्हाला समजलं की तोंडात असलेला आक्षेप वेगळा आणि पोटातला वेगळा. आम्ही पुण्याला गेलो. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, पलंगावर बसूनच बोलले. शाळेत पोरं त्यांना पाहून टाळूवर जीभ आपटत टापांचा आवाज काढायची. नोकरीत एक साहेब विचारायचा, आज कितने घोड़ों को जूते पहनाए? "पचास साल लगे वो नाम छुड़ाने में, और वो लड़की अंग्रेज़ों में बाँटेगी?"

याला काय उत्तर देणार? आम्हाला त्यांचं खोटं वाटलं नाही. आजही वाटत नाही. जो टोमणा त्यांनी सोसला तो त्या पोरीला कुणी मारणार नाही, म्हणूनच तिला ते नाव सुंदर दिसतं. तिच्या देशात घोडा ही श्रीमंतांची हौस आहे. नालबंद म्हणजे त्यांच्या पायाशी वाकणारा माणूस, हे तिने पाहिलेलं नाही. उलट हेही खरं की चाचांनी नाव टाकलं म्हणून त्या साहेबाची जीभ काही लहान झाली नाही. शेख झाल्यावरही टोमणे आले, फक्त निराळे.

आमच्या वर्गात एक गंमत दरवर्षी होते. उर्दू माध्यमाच्या पोरांना ळ उच्चारता येत नाही. 'नाळ जुळणे' या वाक्प्रचाराचा उपयोग करा म्हटलं की वहीत 'नाल जुळणे' येतं. आम्ही लाल शाईने खूण करतो. चाचांना हे सांगितलं तर ते पहिल्यांदा थोडे हसले, पण हो म्हणाले नाहीत.

बॅग सोबतच होती. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या भाच्याकडे ती द्यायची होती, तोच लेस्टरला निघाला होता. घरी आम्ही सगळे नाल रात्रभर सिरक्यात भिजवले होते, तारेच्या ब्रशने गंज काढून खोबरेल तेलाचा हात फिरवला होता. विमानतळावर कुणी विचारलं तर पटकन दाखवता यावेत म्हणून सर्वांत वर दोन ठेवले होते. चाचीने बघू तरी म्हणून एक उचलला आणि पलंगावर ठेवला. चाचांनी बराच वेळ हात लावला नाही. मग चष्मा शोधला. नाल उलटा करून भोकं मोजली, बाहेरच्या कडेला चार, आतल्या कडेला तीन. झिजलेल्या टाचेवरून अंगठा फिरवला.

"पिछला है," ते म्हणाले. "बायाँ. घोड़ा पाँव घसीटता होगा।"

ते ऐंशीच्या पुढचे आहेत, आणि नाल त्यांनी शेवटचा केव्हा हातात धरला होता ते आम्ही विचारलं नाही. जेवणं झाली. निघताना त्यांनी पोरीला फोन लावायला सांगितला. नावाबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणाले की सोबत जी चिठ्ठी छापणार त्यात हे नशिबाचं नाही असं साफ लिही, आणि परदादांचं काम काय होतं ते लिहायचंच असेल तर नीट लिही, पलटणीचा मुख्य नालबंद होता तो, साधा नव्हे.

सत्तेचाळीस नाल लेस्टरला गेले. सेहेचाळीस वाटले गेले आणि एक नवरीने ठेवला. पुण्याचा नाल चाचांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर आहे. औषधाच्या चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्याने उडतात, म्हणून त्यांच्यावर ठेवतात, असं चाची सांगतात.