लाल दिवा आणि खांबावरचा दादा

मंगळवार. रात्रीचे पावणेनऊ. बाहेर धो धो पाऊस. साडेअकराच्या आत स्टोरी मेल करायचीय, एडिटर मॅडमचे दोन मिस्ड कॉल येऊन पडलेत आणि माझ्या राउटरशेजारच्या पांढऱ्या डबीवर एक लाल दिवा लुकलुकतोय. एलओएस. म्हणजे ‘लॉस ऑफ सिग्नल’. म्हणजे संपलं!

कस्टमर केअर, एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका... हे सगळं तुम्हाला सांगायला नकोच. पण या वेळी शिव्या द्यायची सोयच नव्हती. कारण वायर तोडायला लावणारी व्यक्ती मीच होते.

झालं असं, की पंधरा दिवसांपूर्वी समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांच्या स्कूटरच्या हँडलमध्ये लोंबणारी केबल अडकली. काका पडले, मनगट फ्रॅक्चर. आमच्या कोथरूडच्या गल्लीत दिव्याच्या प्रत्येक खांबावर काळ्या वायरींची भेंडोळी लटकतायत. मी जर्नालिस्ट ना! लगेच फोटो काढले, महापालिकेकडे तक्रार ठोकली. आणि चमत्कार म्हणजे मंगळवारी दुपारी गाडी आली, शिडी लागली आणि कटरने सगळ्या वायरी साफ. मी खिडकीतून फोटोसुद्धा काढला. त्या गुच्छात माझीही एक वायर होती, हे डोक्यातच आलं नाही!

साडेनऊला आमचा फायबरवाला दादा आला. असेल बावीस-तेवीसचा. स्वतः निथळत होता, पण रेनकोटच्या आत पोटाशी एक बॅग घट्ट धरलेली. आत काचेचे तंतू जोडायचं स्प्लाइसिंग मशीन.

‘‘मशीन भिजलं तर पगारातून कापतात, ताई.’’

त्याने वायर तपासली, खाली गेला, खांबाला शिडी लावली. मी छत्री आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन मागोमाग. चढण्याआधी त्याने खांबाला हाताची उलटी बाजू लावली. झटकन. मग काढली.

‘‘हे काय?’’

‘‘करंट उतरलाय का बघायला. उलटा हात लावला की करंट असला तरी हात आखडून खांबाला चिकटत नाय. आमच्यातल्या एकाने मागच्या पावसात सरळ पकडला होता. पडला खाली. वाचला.’’

‘‘अहो, मग टेस्टर? ग्लोव्ह्ज? हेल्मेट तरी?’’

तो हसला. ‘‘हेल्मेट घातलं की लोकांना वाटतं काहीतरी मोठं काम चाललंय. परमिशन दाखवा म्हणतात. असाच चढलो तर कोण विचारत नाय.’’

सांगते, त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. याचं काम बिनबोभाट व्हावं म्हणून याने हेल्मेट घालायचं नाही. आणि हा चढणार कशासाठी? माझ्या डेडलाइनसाठी!

‘‘दादा, नका चढू. उद्या या.’’

तो खूश होईल असं मला वाटलं होतं. तो उलट टेन्शनमध्ये आला. ‘‘तक्रार आज बंद नाय झाली तर आमचे पैसे कटतात, ताई.’’ माझ्या चांगुलपणाचं बिलही त्याच्याच खिशातून! शेवटी मी ॲपवर लिहिलं, ‘ग्राहकाच्या विनंतीवरून काम उद्या.’ त्याने तीनदा वाचून खात्री केली आणि गेला.

मग मी जिन्याच्या वरच्या लँडिंगवर बसले, आमच्या बिल्डिंगमध्ये मोबाइलला रेंज येणारी ती एकमेव जागा. हॉटस्पॉट लावून स्टोरी पाठवली. फोटो सकाळी देते म्हटलं, बोलणी खाल्ली. फाइल किती होती माहितीये? चाळीस केबी! चाळीस केबीसाठी मी एका मुलाला भर पावसात लोखंडी खांबावर चढवायला निघाले होते.

सकाळी ऊन पडल्यावर तो परत आला. चाळीस मिनिटांत वायर जोडली, आणि मी चहा पाजत प्रश्न विचारत राहिले. सवय! फायबर म्हणजे काच. कोअर आणि त्यावरचं काचेचं आवरण मिळून १२५ मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाएवढं. त्यातून प्रकाश जातो, वीज नाही. म्हटलं, मग शॉकची भीती कसली? त्याने वायर सोलून दाखवली. तंतूला ताण पडू नये म्हणून वायरीत एक स्टीलची तार असते आणि खांबांवर वायर ताणून बांधतात ती तिच्याच जोरावर. वरच्या विजेच्या तारेला ती चिकटली की खेळ खलास. धातू अजिबात नसलेली केबल मिळते, पण तिला पैसे जास्त पडतात. आणि ती भेंडोळी? वायर तुटली तर ओढून जोडता यावी म्हणून ठेवलेली जादा लांबी. पण त्यातल्या कित्येक वायरी मेलेल्या. ग्राहक कंपनी बदलतो, नवी वायर येते, जुनी उतरवायला कुणी येत नाही. उतरवायचे पैसे कोण देणार?

मग जमिनीखालून का टाकत नाहीत? कारण खोदायचं तर परवानगी, मीटरवर शुल्क, पावसाळ्यात खोदाई बंद, आणि नंतर पाण्याच्या पाइपवाल्याने खड्डा घेतला की केबल पुन्हा तुटणार. खांबावरून मात्र अख्खी गल्ली एका रात्रीत जोडून होते. कायद्यात खांबाची सोयही आहे बरं का. २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलले तेव्हा रस्त्यावरच्या खांबावरून केबल न्यायचं शुल्क ठेवलं वर्षाला खांबामागे १०० रुपये. आपल्या एका कॉफीपेक्षा कमी! २०२४ मध्ये नवे नियम आले, ते १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. पण आमच्या गल्लीत कुठली वायर कुणाची, हे तो दादाही रंग आणि टॅग बघून अंदाजानेच सांगतो.

हे सगळं मी नॅशव्हिलला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला फोनवर सांगितलं. म्हटलं, तुमच्याकडे बरं, सगळं शिस्तीत. ती हसत सुटली. तिथे खांबावर प्रत्येकाची जागा ठरलेली. सगळ्यात वर वीज, मग ठरावीक अंतर मोकळं, खाली फोन आणि केबल टीव्हीच्या तारा. नव्या कंपनीला वायर लावायची तर जुन्या कंपन्यांनी आपापली माणसं पाठवून आपापल्या तारा सरकवायच्या. त्याला म्हणतात ‘मेक-रेडी’. आता सांगा, जी कंपनी आपलं गिऱ्हाईक पळवणार तिच्यासाठी कोण घाईने तारा सरकवेल? २०१६ मध्ये गूगल फायबरने जाहीर केलं होतं, की नॅशव्हिलमध्ये लागणाऱ्या ८८ हजार खांबांपैकी ४४ हजारांहून जास्त खांबांवर हे काम हवंय, आणि तोवर झालंय फक्त ३३ खांबांवर. ३३ हजार नाही, ३३! मग शहराने नियम केला, की एकाच कंत्राटदाराने एका खेपेत सगळ्यांच्या तारा सरकवाव्यात. एटी अँड टी आणि कॉमकास्ट कोर्टात गेल्या आणि २०१७ मध्ये तो नियम रद्द झाला. २०१८ मध्ये मात्र अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने तसाच नियम देशपातळीवर आणला.

म्हणजे तिथे सगळ्यांना विचारून वर्षं जातात आणि आमच्या गल्लीत कुणालाच न विचारता रात्रीत काम होतं. तिथे इंटरनेट उशिरा येतं. इथे लवकर येतं, पण काकांचं मनगट मोडतं.

आणि मनगटावर निभावलं तर नशीबच. ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबादच्या रामंतापूरमध्ये जन्माष्टमीच्या मिरवणुकीतला रथ विजेच्या तारेला लागून पाच जण गेले. त्यानंतर तिथे खांबांवरच्या केबल्स धडाधड कापल्या गेल्या, अनेक भागांतलं इंटरनेट बंद पडलं. ती बातमी मी तेव्हा वर्क फ्रॉम होम करताना स्क्रोल करून पुढे गेले होते. माझ्याच गल्लीत ती कहाणी छोट्या साइजमध्ये घडेपर्यंत.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, गेटपासून जिन्यापर्यंत एक पाइप टाकू. सगळ्या कंपन्यांच्या वायरी त्यातूनच. मेलेल्या वायरी आपण काढू. सेक्रेटरी काका म्हणाले, ‘‘इंटरनेट तुम्हा पोरांना लागतं, पाइपचा खर्च सगळ्यांनी का द्यायचा?’’ नेमके तेव्हाच त्यांच्या मोबाइलवर नातवाचा व्हिडिओ कॉल आला आणि सगळे हसले. पाइप मंजूर व्हायचाय अजून. मनगटवाले काका माझ्या बाजूने आहेत, प्लास्टरसकट.

खांबावर पुन्हा वायरी आल्यात, हेही खरं. त्यातली एक माझीच. फरक इतकाच, की ती आता हात वर केला तरी लागणार नाही इतकी उंच बांधलीय. ते मी दादाकडून मुद्दाम करून घेतलं. आणि एक नियम केलाय. पाऊस असताना लाल दिवा लागला, तर पाऊस थांबेपर्यंत तक्रार करायची नाही. एडिटर मॅडमना तसं सांगून टाकलंय. त्या म्हणाल्या, ‘‘बहाणा नवीन आहे!’’

तुमच्याही बाल्कनीतून एक काळी वायर आत येत असेल. आज ऑफिसातून घरी आलात की जरा तिचा माग काढा. कुठल्या झाडावरून, कुठल्या खांबावरून, किती उंचीवरून येते ते बघा. आणि पुढच्या वेळी ‘नेट आत्ताच्या आत्ता हवंय’ असं फोनवर ओरडण्याआधी एकदा खिडकीबाहेर बघा. पाऊस पडतोय का?