कादंबरीला गोळीचं काम सांगू नका

शाळेच्या ग्रंथालयात नववी-दहावीच्या मुलांबरोबर काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं: पुस्तक मुलांना बरं करत नाही, बोलायला वाट करून देतं. या वयात ‘तुला काय होतंय?’ला ‘काही नाही’ हेच उत्तर ठरलेलं. पण मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’ कादंबरीतल्या मुकुंदाचा विषय काढा, तीच मुलं भरभरून बोलतात. त्याला आवडणारी शिरोडकर गाव सोडून गेल्यावर त्याने काय करायला हवं होतं, घरी कुणाला सांगता आलं असतं का, याची उत्तरं त्यांच्याकडे असतात. आणि ती सगळीच मुकुंदाविषयीची नसतात. राम पटवर्धनांनी अनुवादलेल्या ‘पाडस’मधल्या मुलाला स्वतःच वाढवलेल्या हरणावर गोळी झाडावी लागते. वडिलांवरचा राग तिथून जितक्या सहज निघतो, तितका मूल्यशिक्षणाच्या तासाला निघत नाही.

गरज मोठी आहे. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक विकार आढळले, म्हणजे साठांच्या वर्गात चार जण. समुपदेशक मात्र बहुतेक शाळांच्या वाट्याला येतच नाही. ब्रिटनमध्ये 2016 साली 13 ते 18 वयाच्या मुलांसाठी मानसिक आरोग्याविषयीच्या 35 पुस्तकांची यादी तज्ज्ञांच्या मदतीने करून ती सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवली गेली. अशा वाचनोपचारावरच्या आठ प्रयोगांचा एकत्रित आढावा 2018 साली आला. नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली, चिंतेबाबत तितकं ठामपणे सांगता आलं नाही. मात्र हे प्रयोग मुख्यतः स्वमदतीच्या पुस्तकांवरचे. त्यांचं श्रेय कादंबरीच्या खात्यावर जमा करणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. कादंबरीकडून मी संवादाची अपेक्षा ठेवतो, उपचाराची नाही.

दुःखी पुस्तकं मुलांच्या डोक्यात भलतंसलतं भरवतील, ही पालकांची भीती खोटी नाही. गटेच्या ‘वेर्थर’ या कादंबरीवर (1774) लाइपझिगमध्ये बंदी आली ती याच धास्तीने, नायकाच्या आत्महत्येचं अनुकरण होईल म्हणून. पण 2010 साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी वृत्तपत्रं तपासली, तेव्हा आत्महत्येच्या विचारातून सावरलेल्यांच्या बातम्यांनंतर आत्महत्या घटलेल्या दिसल्या. बातमी आणि कादंबरी एक नव्हे, हे मान्य. तरी निवडीला एक धागा मिळतो. अंधार असू द्यावा, पण मृत्यूचा गौरव आणि पद्धतींचे तपशील नकोत. आणि मोठ्यांनी ते पुस्तक आधी वाचलेलं हवं, नुसतं मलपृष्ठ नव्हे.

मुलं वाचतच नाहीत, हा आक्षेप मला पटत नाही. कुलूपबंद कपाट, ग्रंथपालाला दिलेली कार्यालयाची कामं, आणि वाचलंच तर ‘सारांश लिहून आणा’: एवढं झाल्यावर कोण वाचेल? सारांशाची वही आधी बंद करा. अडचण खरी आहे ती वेगळीच. बोलतं झालेलं मूल कधी असं काही सांगतं, की जे पेलणं ग्रंथपालाच्या आवाक्याबाहेरचं असतं. तिथे पुस्तक बाजूला ठेवून पालकांना, डॉक्टरांना गाठायचं. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ग्रंथालयाच्या दारावर आधीच लावलेला हवा.